पुढाऱ्यांना बाजार कळत नाही, म्हणून त्यांनी गप्प बसावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँका, शेअर बाजार आणि गुंतवणूक कंपन्यांवर सरकारने किती लगाम ठेवावा, याविषयी आपल्या पत्रसदरात काही दिवस चर्चा चालू आहे. तीत एक मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो: ज्या पुढाऱ्यांना साधा ताळेबंद वाचता येत नाही, त्यांनी बाजाराचे नियम करण्याच्या भानगडीत पडू नये, ते काम जाणकारांवर सोडावे. मी 28 वर्षे ऑडिटच्या कामात काढली आहेत. पुढाऱ्यांच्या अज्ञानाचा अनुभव मलाही आहे. तरीही हा मुद्दा मला अजिबात पटत नाही, आणि तो इतक्या सहजपणे मान्य होतो याची मला काळजी वाटते.

1929 मधल्या न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या पडझडीनंतर अमेरिकी सिनेटच्या बँकिंग समितीने चौकशी हाती घेतली, पण बरेच दिवस तिच्या हाती फारसे काही लागले नाही. जानेवारी 1933 मध्ये समितीने फर्डिनांड पेकोरा यांना वकील म्हणून नेमले. पेकोरा मूळचे सिसिलीचे, न्यूयॉर्कमध्ये सरकारी वकिली केलेले. बँकिंगचे तज्ज्ञ म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्यांनी बँकांची दप्तरे मागवली, चिकाटीने वाचली आणि बड्या बँकरांना शपथेवर बसवून सरळ प्रश्न विचारले. हे रोखे कोणाला विकले? विकताना तुम्हाला काय माहीत होते? नॅशनल सिटी बँकेच्या स्वतःच्याच माणसांनी पेरू सरकारची पत धोक्याची असल्याचे कळवले होते. तरीही त्याच पेरूचे रोखे सामान्य गुंतवणूकदारांच्या गळ्यात मारले गेले, हे त्यातून बाहेर आले. बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांनी प्राप्तिकर वाचवण्यासाठी शेअर तोट्यात पत्नीच्या नावे केल्याचे कबूल केले आणि काही दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले. त्या काळचे सर्वांत बडे बँकर जे. पी. मॉर्गन (धाकटे) यांनी 1931 आणि 1932 या दोन वर्षांत एक पैसाही प्राप्तिकर भरला नव्हता. ते कायद्यात बसत होते, आणि लोक चिडले ते नेमके याच कारणाने. 1933 मध्येच रोखे विक्रीचा कायदा आणि ठेवींचे बँकिंग सट्ट्यापासून वेगळे करणारा ग्लास-स्टीगल कायदा झाला. 1934 मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणारा आयोग, म्हणजे एसईसी, स्थापन झाला. यातला कोणताही कायदा करण्यासाठी सिनेटरांना बाजाराची पदवी लागली नाही.

आता दुसरी बाजू. 1998 मध्ये अमेरिकेच्या वायदे बाजार आयोगाच्या अध्यक्ष ब्रुक्सली बॉर्न यांनी एक प्रश्न जाहीरपणे मांडला. बाजाराबाहेर, दोन संस्थांमध्ये परस्पर होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह व्यवहारांची, म्हणजे शेअर, व्याजदर किंवा कर्ज यांवर बेतलेल्या करारांची, नोंद कोणाकडे आहे? त्यावर देखरेख हवी की नको? त्यांनी नियम केला नव्हता, विचारणा केली होती. त्याच दिवशी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन, अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन आणि एसईसीचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी त्याविरुद्ध संयुक्त निवेदन काढले. सप्टेंबरमध्ये लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा प्रचंड कर्जावर उभा असलेला फंड कोसळण्याच्या बेतात आला आणि बड्या बँकांना 3.6 अब्ज डॉलर ओतून तो सावरावा लागला. बॉर्न ज्या धोक्याबद्दल बोलत होत्या तो डोळ्यांसमोर उभा होता. तरीही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ऑक्टोबरमध्ये त्यांचेच हात बांधले आणि डिसेंबर 2000 मध्ये या व्यवहारांना देखरेखीतून मोकळे करणारा कायदा केला. तोही अंदाजपत्रकाच्या एका अवाढव्य विधेयकाला जोडून. तो किती सदस्यांनी वाचला असेल, याची कल्पना करवत नाही. सप्टेंबर 2008 मध्ये एआयजी या विमा कंपनीला वाचवायला सुरुवातीलाच 85 अब्ज डॉलर द्यावे लागले, ते मुख्यतः असल्याच करारांपायी. ऑक्टोबरमध्ये ग्रीनस्पॅन यांनी काँग्रेसच्या समितीपुढे आपल्या विचारसरणीत दोष सापडल्याचे मान्य केले.

बॉर्न यांना गप्प करणारे लोक अडाणी नव्हते. त्या काळातले ते सर्वांत नावाजलेले जाणकार होते. काँग्रेसच्या सदस्यांचा दोष हा नव्हता की त्यांना डेरिव्हेटिव्ह समजत नव्हते. दोष हा होता की न समजल्याची त्यांना लाज वाटली आणि त्या लाजेपायी त्यांनी मान डोलावली. राजकारण्याची पात्रता मी यावरून मोजते. समोरच्याचे नाव कितीही मोठे असो, ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणण्याची त्याची तयारी आहे का? आणि उत्तर मिळेपर्यंत तो प्रश्न सोडत नाही ना?

माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला हेच शिकवले होते. कंपनी कितीही मोठी असली, कागद कितीही चकचकीत असले, तरी पहिला प्रश्न एकच: पैसा कुठे आहे? आणि त्याचे उत्तर कंपनीकडून घ्यायचे नाही, बँकेकडून थेट मागवायचे. हे काम कंटाळवाणे असते. खोटे नफे दाखवून गुंतवणूकदारांना फसवणारे न्यूयॉर्कचे बर्नार्ड मॅडॉफ यांच्या प्रकरणात ते कोणी केले नाही. हॅरी मार्कोपोलोस या विश्लेषकाने 2000 पासून एसईसीकडे तक्रारी केल्या होत्या. चौकशा झाल्या, वकील गेले, कागद तपासले. पण मॅडॉफ दाखवत असलेले शेअर खरोखर त्यांच्या खात्यात आहेत का, हे डिपॉझिटरीला, म्हणजे शेअरची खाती सांभाळणाऱ्या संस्थेला, विचारून पडताळून पाहिले गेले नाही. डिसेंबर 2008 मध्ये बिंग फुटले तेव्हा कागदावरचा आकडा सुमारे 65 अब्ज डॉलरचा होता. हा वृत्तांत प्रथम वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. एका पत्राने उघडकीला आले असते, असा विचार सारखा मनात येत राहिला.

यावर कोणी म्हणेल की पुढाऱ्यांनी तज्ज्ञांना जुमानले नाही तर आणखी वाईट होते. बरोबर आहे. सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनमध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने अर्थखात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला आधीच घरी पाठवले होते. मग सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, तीही अंदाजपत्रकाची छाननी करणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अहवाल न घेता. सरकारी रोखे गडगडले, पेन्शन फंड अडचणीत आले आणि पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीसाठी उतरावे लागले. पण हे बॉर्न यांच्या प्रकरणाच्या उलट नाही, त्याच जातीचे आहे. दोन्हीकडे नको असलेले उत्तर देणाऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवले गेले. एकदा नामवंतांच्या भरवशावर, एकदा स्वतःच्या हट्टापायी.

आणि हे नेहमी चांगल्या दिवसांत घडते, ही यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. 2008 च्या धक्क्यानंतर अमेरिकेने 50 अब्ज डॉलरहून मोठ्या बँकांवर कडक देखरेख आणली होती. दहा वर्षे झाली, बाजार वर होता, बँका नफ्यात होत्या. 2018 मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी ती मर्यादा 250 अब्जांवर नेण्यात आली. सिलिकॉन व्हॅली बँक नेमकी या दोन आकड्यांच्या मधली. 9 मार्च 2023 ला तिच्या ठेवीदारांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला मागितले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. तपासनीसांनी नोंदवलेल्या 31 त्रुटी तेव्हा तशाच पडून होत्या. त्रुटी लिहिणारे लोक होते. त्यांच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. तेजीच्या काळात बँकेला जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याची पाठराखण करण्यात पुढाऱ्याला एकही मत मिळत नाही, हे मला समजते. म्हणूनच ती करणाऱ्याला मी लायक म्हणते.

हितसंबंधांचा प्रश्न वेगळा आहे आणि तोही जुना आहे. 1720 मध्ये साउथ सी या कंपनीच्या शेअरचे भाव फुगवून झालेल्या घोटाळ्यात ब्रिटनचे अर्थमंत्री जॉन एस्लाबी यांनाच कंपनीचे शेअर मिळालेले होते आणि पुढच्या वर्षी त्यांची रवानगी लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या तुरुंगात झाली. ज्याची गुंतवणूक आहे त्याने नियम करू नये, एवढे तरी वादातीत असावे.

तेव्हा आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. वित्तविषयक विधेयक मंजूर झाले की आपण त्यातल्या तरतुदी आणि मतांची बेरीज छापता. त्यासोबत समितीच्या बैठकीत कोणत्या सदस्याने कोणता प्रश्न विचारला आणि त्याला काय उत्तर मिळाले, हेही छापावे. उत्तर मिळाले नसेल तर तसे लिहावे. जागा कमी पडत असेल तर निर्देशांकाचा रोजचा तक्ता थोडा आखडता घ्या. एक वाचक म्हणून माझी त्याला तक्रार नसेल.

आपली,
एक निवृत्त हिशेबतपासनीस