हुकूम पाळणारा पिकार्ड, हुकूम मोडणारा पिकार्ड

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळकथामालेतला ‘इन्सरेक्शन’ हा चित्रपट सीमाभागातल्या प्रत्येक माणसाने पाहायला हवा, कारण त्यात अंतराळजहाजाचा कप्तान जाँ-लूक पिकार्ड वरिष्ठांचा हुकूम झुगारून विस्थापित होऊ घातलेल्या गावकऱ्यांच्या बाजूने शस्त्र उचलतो, असे तू लिहिले आहेस. निपाणीत बसून तुला असे वाटावे, यात नवल नाही. पण त्याच ओघात तू चित्रपटातल्या पिकार्डला ‘खरा पिकार्ड’ ठरवलेस आणि दूरचित्रवाणीवरच्या पिकार्डला ‘बैठका घेणारा साहेब’ म्हणून निकालात काढलेस, ते मात्र मला मान्य नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पिकार्डची दूरचित्रवाणी मालिका १९८७ ते १९९४ अशी सात वर्षे चालली. शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या पॅट्रिक स्ट्युअर्ट यांनी उभा केलेला हा कप्तान पहिल्या भागात चांगलाच ताठर आहे. लहान मुलांशी आपले जमत नाही, हे तो आपला सहायक रायकर याला आल्या आल्याच सांगून टाकतो. अनोळखी ग्रहावर उतरून जीव धोक्यात घालण्याचे काम बहुधा रायकरचे असते. कप्तान जहाजावर थांबतो, टेबलाभोवती सर्वांना बसवून प्रत्येकाचे म्हणणे ऐकून घेतो आणि मग निर्णय देतो. तू थट्टा केलीस त्या बैठका त्या याच, आणि माझ्या मते त्याचे सगळे व्यक्तिमत्त्व त्या टेबलापाशीच घडले आहे. चित्रपटांत ते टेबल जवळजवळ नाहीसे होते. तिथे पिकार्ड स्वतःच खाली उतरतो, स्वतःच भिडतो, आणि २००२ च्या ‘नेमेसिस’मध्ये तर परक्या ग्रहाच्या वाळवंटात उघडी मोटारगाडी भरधाव पळवतो. (ती मोटारगाडी मी आजवर त्या लेखकांना माफ केलेली नाही.)

आता तुझ्या ‘इन्सरेक्शन’कडे वळण्याआधी मालिकेच्या शेवटच्या वर्षातला, १९९४ चा ‘जर्नीज एंड’ हा भाग आठव. तू तो पाहिलाच नसावास, अशी मला शंका आहे. फेडरेशन, म्हणजे पिकार्ड ज्याच्या सेवेत आहे तो ग्रहांचा संघ, आणि त्याचे शत्रू कार्डॅशियन यांच्यात तह होऊन नवी सरहद्द आखली जाते आणि काही वसाहती त्या रेघेच्या पलीकडे पडतात. त्यांतल्याच एका ग्रहावर मूळ अमेरिकी आदिवासींच्या वंशजांनी, फार शोधानंतर ही भूमी आपली मानून, गाव वसवलेले असते. त्यांना तिथून हलवण्याचा हुकूम ॲडमिरल नेचायेव्ह पिकार्डच्या हाती ठेवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपल्या वाडवडिलांची घरे जागच्या जागी राहिली आणि राज्य तेवढे बदलले, हे घरोघरी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगायला नको.

पिकार्ड तिथे काय करतो, ते पाहण्यासारखे आहे. नेचायेव्हशी आपले पटत नाही हे ठाऊक असल्यामुळे तो तिच्या आवडीचे खाद्यपदार्थ मागवून तिचे आगत-स्वागत करतो, मग हा हुकूम अन्यायाचा आहे असे स्पष्ट सांगतो, आणि ती बधत नाही हे पाहून जड मनाने कामाला लागतो. गावचा पुढारी अँथवारा त्याला सांगतो, की शतकांपूर्वी पुएब्लो लोकांचा उठाव चिरडणाऱ्यांत पिकार्डचाच एक पूर्वज होता. पिकार्ड हादरतो, पण हुकूम टाकून देत नाही. उलट त्याच दलात शिकणारा तरुण वेस्ली जेव्हा गावकऱ्यांना सावध करून सगळा बेत उघड करतो, तेव्हा अंगावर हा गणवेश आहे तोवर आज्ञा पाळावीच लागेल, अशा शब्दांत पिकार्ड त्याला फैलावर घेतो, आणि वेस्ली तो गणवेशच सोडतो. शेवटी तोडगा निघतो तो गावकऱ्यांच्या तोंडून: आम्ही फेडरेशनचे नागरिकत्व सोडतो, कार्डॅशियनांच्या अमलाखाली राहतो, पण जमीन सोडत नाही.

चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, ‘इन्सरेक्शन’ आला. प्रश्न तोच, गावकरी वेगळे. बाकू लोक संख्येने सहाशे. त्यांच्या ग्रहाभोवतीच्या कड्यांमधून येणाऱ्या किरणांमुळे माणूस म्हातारा होत नाही, म्हणून त्यांना न सांगता उचलून दुसरीकडे नेण्याचा घाट घातलेला असतो. सहाशेच तर माणसे आहेत, असे ॲडमिरल म्हणतो, तेव्हा किती माणसे झाली की अन्याय सुरू होतो, असा प्रतिप्रश्न पिकार्ड करतो. त्यानंतर तो एकटा आपल्या खोलीत जातो आणि गळपट्टीवरची कप्तानपदाची चिन्हे एकेक करून काढून ठेवतो. प्रसंग उत्तम वठला आहे, हे मी नाकारत नाही. पण ज्या कृतीबद्दल त्याने वेस्लीला फटकारले होते, तीच आता तो करतो आहे, आणि त्या जुन्या प्रसंगाची साधी आठवणसुद्धा त्याच्या चेहऱ्यावर उमटत नाही. एखादा माणूस चार वर्षांत असा बदलू शकतो. मात्र तो बदल आपल्याला दाखवलेला नाही. चित्रपटाने त्याचा भूतकाळ बाजूला ठेवून त्याला वीर करून टाकले.

हे असे का व्हावे? मला वाटते, मालिका हा हरिनाम सप्ताह आहे आणि चित्रपट हा पोवाडा. पोवाड्यात नायकाने तलवार उपसलीच पाहिजे. शाहीर तासभर सल्लामसलत गात बसला, तर मंडप रिकामा होईल. मालिकेच्या नायकाला पुढच्या आठवड्यात त्याच खुर्चीवर, त्याच वरिष्ठांच्या हाताखाली यायचे असते, त्यामुळे प्रत्येक निर्णयाची किंमत त्याला पदावर राहून फेडावी लागते. चित्रपटाचा नायक दोन तासांपुरता पद सोडू शकतो. राजीनामा देऊन न्यायी होणे सोपे आहे, असे मी म्हणत नाही. पण पडद्यावर ते फार स्वस्तात मिळते, कारण चित्रपट संपता संपता पिकार्ड पुन्हा कप्तान असतोच.

‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’विषयी मी इतका कडक होणार नाही. १९९० मध्ये, मालिकेत, बोर्गांनी, म्हणजे पकडलेल्यांना यंत्रे जोडून आपल्यात मिसळून घेणाऱ्या जमातीने, पिकार्डला पकडून आपल्यातला एक बनवले, त्याच्याच तोंडून त्याच्याच लोकांना धमकावले, आणि सुटकेनंतर फ्रान्समधल्या घरी तो थोरल्या भावापाशी चिखलात बसून ढसाढसा रडला. १९९६ च्या त्या चित्रपटात तो बोर्गांवर सूडाने पेटतो, जहाज सोडायला नकार देतो, वॉर्फसारख्या योद्ध्याला भित्रा म्हणतो, ते त्या जुन्या जखमेतूनच आले आहे. तरीही १९९२ च्या ‘आय, बोर्ग’मध्ये याच पिकार्डने ह्यू नावाच्या एकट्या सापडलेल्या बोर्गाला अस्त्र बनवून सगळ्या जमातीचा नाश करण्याची योजना आखली होती, आणि त्याच्याशी समोरासमोर बोलल्यावर ती मागे घेतली होती. म्हणजे मालिकेत तो शत्रूचे ऐकून शांत होतो. चित्रपटात त्याला भानावर आणण्यासाठी लिली नावाच्या बाहेरच्या बाईला त्याच्यावर ओरडावे लागते आणि त्याला काचेचे कपाट फोडावे लागते. तुला हे दुसरे दृश्य अधिक माणसासारखे वाटते, हे मला ठाऊक आहे. मला पहिले वाटते, कारण हाताशी सूड असताना थांबलेला माणूस मी पडद्यावर फारसा पाहिलेला नाही.

२०२० मध्ये पिकार्ड दूरचित्रवाणीवर परतला, तेव्हा जुना गृहस्थ पुन्हा भेटेल अशी माझी अपेक्षा होती. भेटला तो चित्रपटातलाच: रोम्युलन निर्वासितांना वाचवण्याची मोहीम सोडून दिल्याच्या निषेधार्थ नोकरीवर लाथ मारून द्राक्षमळ्यात जाऊन बसलेला. दहा भागांत एकच सलग कथा सांगायची म्हटल्यावर तसेच होणार. पडदा लहान की मोठा, याच्याशी या बदलाचा संबंध कमी आहे. नायकाला किती निरनिराळ्या प्रश्नांपुढे बसवले जाते, याच्याशी जास्त आहे.

सीमाभागातला माणूस म्हणून मला ‘जर्नीज एंड’ पाहताना अवघडल्यासारखे होते, हेही लिहितो. हुकूम घेऊन येणारे अधिकारी आपण पाहिले आहेत, आणि मनातून वाईट वाटणे हे त्या गावकऱ्यांच्या काहीच कामाचे नसते. पण असा अधिकारी खरोखर असतो, कसा बोलतो, कुठे गप्प बसतो, हे मला त्या भागाने दाखवले. चिन्हे काढून ठेवणारा कप्तान मला अजून कोणत्याही कचेरीत भेटलेला नाही.

तू येशील तेव्हा दोन्ही पाठोपाठ पाहू. अँथवाराने केलेली तडजोड तुला अजिबात पटणार नाही, असा माझा अंदाज आहे, आणि मला पिकार्डपेक्षा त्याच्याविषयीच तुझ्याशी जास्त भांडायचे आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बेळगावचा मित्र