रानातली नासधूस तंबूखालून सुरू होते

संपादक महोदय,

रानात तंबू ठोकून मुक्काम करण्यावर वृत्तपत्रांतून अधूनमधून लिहून येते आणि बहुतेक लेख ‘आपला कचरा परत न्या’ या ओळीवर संपतात. कचरा न्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण कचरा दिसतो आणि तो दुसरा कोणी उचलूही शकतो. शांत राखीव वनात खरे नुकसान होते ते दबलेल्या मातीचे, भाजलेल्या मुळांचे आणि अंडी सोडून उठलेल्या पक्ष्याचे. त्याबद्दल थोडे तपशिलात.

आधी परवानगी. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकायची मुभा आहे. राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर राहायचे आणि साधारणपणे दोन रात्रींहून अधिक थांबायचे तर जागामालकाला विचारायचे. पण तिथेही संरक्षित क्षेत्रांचे नियम वेगळे असू शकतात. तेव्हा राखीव वनात मुभा गृहीत धरू नये. नकार मिळाला तर ‘एकच रात्र तर आहे’ म्हणून घासाघीस करू नये.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो जागा निवडायला. माती आणि झाडोऱ्याची बरीचशी हानी पहिल्या काही मुक्कामांतच होते, नंतरच्या मुक्कामांनी त्यात तुलनेने कमी भर पडते. म्हणून पूर्वीची उघडी, टणक झालेली जागा असेल तर तंबू तिथेच लावावा. तशी जागा नसेल तर अगदी अस्पर्श जागी एकच रात्र काढून निघावे. टाळायची ती मधली जागा, म्हणजे गवत थोडेसे झिजलेले, अजून सावरू शकेल असे. लोक नेमके तेच ‘छान तयार ठिकाण’ म्हणून पसंत करतात. गवत आणि कोरडा पाचोळा बऱ्यापैकी तग धरतात. नेचे, शेवाळ आणि सावलीतल्या मऊ देठांच्या वनस्पती एका रात्रीत मोडतात.

पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी पावले, दूर राहावे. ओढ्याकाठी तंबू दिसला की रात्री पाण्यावर येणारी जनावरे माघारी फिरतात. दबलेली गवताची पट्टी, लेंड्या, खुरांचे ठसे दिसले तर ती त्यांची वाट समजावी. मग मान वर करून पाहावे. वठलेली किंवा तुटून अडकलेली फांदी वारा नसतानाही खाली येते.

तंबू उघडण्यापूर्वी त्या जागेभोवती सावकाश एक फेरी मारावी. रातवा घरटे बांधतच नाही, जमिनीवर उघड्यावर अंडी घालतो आणि पाचोळ्यात बसलेला पक्षी दोन पावलांवरूनही ओळखू येत नाही. पायाजवळून पक्षी उडाला, किंवा पंख मोडल्यासारखा फडफडत पुढे पुढे जाऊ लागला, तर आल्या पावली मागे फिरून लांब जावे. तो जितका वेळ दूर राहील तितकी अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात.

जागा झाडून साफ करू नये. पाचोळा काढला की पावसाचे थेंब थेट मातीवर आदळतात आणि ती वाहून जाते. तंबूभोवती चर खणायची जुनी सवयही सोडावी. किंचित उंचवट्यावर तंबू लावला आणि तणावे नीट ताणले तर चराची गरज पडत नाही. खोलगट जागी पाणीही साचते आणि थंड हवाही.

शेकोटी नकोच. दगडांचे कडे केले की आग आटोक्यात राहते ही समजूत चुकीची आहे. कडे बाजूने अडवते, खालून नाही. कुजलेल्या पाचोळ्याचा थर आणि मुळे आतल्या आत धुमसत राहतात आणि कधीकधी दिवसांनंतर दुसरीकडेच पेट घेतात. ओढ्यातले ओले दगड तापून फुटतात, ते वेगळेच. शिवाय आपण सरपण म्हणतो त्या पडलेल्या लाकडात भुंगेरे आणि बुरशी राहतात. गॅसचा छोटा स्टोव्ह सपाट दगडावर ठेवून काम भागते. पाऊस आला तरी तो तंबूत पेटवू नये, त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

शौचासाठी पाण्यापासून आणि वाटेपासून तितकेच ६० मीटर अंतर ठेवून १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा. उथळ असला तर जनावरे उकरतात, जास्त खोल असला तर कुजायला वेळ लागतो, कारण ते काम करणारे जिवाणू वरच्या मातीत जास्त असतात. कागद आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीत परत. ‘निसर्गस्नेही’ साबणही ओढ्यात चालत नाही, त्याला विघटनासाठी माती लागते. उरलेले अन्न आणि फळांच्या सालीही परत न्याव्यात, नाहीतर जनावरे तंबूपाशी यायला शिकतात.

संध्याकाळी उशिरा तंबू लावावा आणि उजाडताच काढावा. हेडलॅम्प लाल आणि मंद ठेवावा. घुबड भक्ष्य बरेचसे कानांनी शोधते, तेव्हा स्पीकरचा प्रश्नच येत नाही.

बूट आणि तंबूच्या खुंट्या जाण्याआधी आणि परतल्यावरही घासून, धुऊन, पूर्ण वाळवाव्यात. झाडे मारणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव चिखलातून एका वनातून दुसऱ्या वनात जातो.

शेवटी आपल्याकडेच एक मागणी. अशा लेखांसोबत पाण्याला खेटून लावलेला तंबू आणि शेजारी पेटलेली शेकोटी हेच छायाचित्र छापले जाते. ते थांबवावे, आणि लहान, अपरिचित वनांची नेमकी जागा नकाशासह देऊ नये.

– रानवाटांवर नियमित फिरणारे काही वाचक