मराठी वेबसाईटचं डिझाईन मराठी मजकूर टाकूनच ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आजकाल सोलापुरात पण बरेच जण स्वतःची वेबसाईट काढतायत, कुणी कवितांसाठी, कुणी फोटोंसाठी, कुणी आपल्या कामाची माहिती द्यायला, आणि ज्यांची आधीपासून आहे ते तिचा लूक बदलून घेतायत. चांगलंच आहे. पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून लिहितोय. तयार टेम्प्लेट घेतात, ती इंग्रजी अक्षरं धरून केलेली असते, आणि त्यात मराठी मजकूर नुसता पेस्ट करतात.

मग काय होतं बघा. इंग्रजी हेडिंगमध्ये अक्षरांत थोडी मोकळी जागा सोडली की छान दिसतं, तेच देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि ‘सोलापूर’चे चार तुकडे होतात. ओळी जवळजवळ ठेवल्या की वरच्या ओळीतला ‘पू’चा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीला नाहीतर रफाराला टेकतो, हेडिंगची पट्टी बुटकी असेल तर ‘सिद्धेश्वर’वरची मात्राच कापली जाते. आपल्या ग्रामदैवताचं नाव तरी धड दिसायला नको का? बोल्डचं पण तेच, फॉन्टमध्ये खरा बोल्ड नसला की ब्राऊझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि ‘ष’, ‘क्ष’च्या आतली जागा भरून जाते.

मी सध्या माझ्या वेबसाईटची मांडणी नव्याने करतोय. वडील जेकॉर्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर कामाला होते, त्यांनी जपलेले चादरींच्या नक्षीचे ग्राफ आणि त्यामागच्या आठवणी तिथं ठेवल्यात. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे पण असे कागद लोकांच्या घरात ट्रंकेत पडून आहेत, म्हणून ही वेबसाईट नीट वाचता यावी असं मला फार वाटतं. आधी फॉन्ट ठरवला, ‘मुक्ता’, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला, फुकट मिळतो आणि बारीकपासून जाडपर्यंत सगळे प्रकार त्यात आहेत. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवलं. फिकट राखाडी अक्षरं काढली, वेबच्या आंतरराष्ट्रीय नियमात साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, निदान ४.५ला १ सांगितलाय, पण आपल्याकडं एप्रिलच्या उन्हात सात रस्त्याला उभं राहून फोन बघणाऱ्याला तेवढा पण पुरत नाही, त्यामुळं मी सरळ जवळजवळ काळंच अक्षर घेतलं. बाजूची पट्टी, म्हणजे साईडबार, काढून टाकला.

फोटोंवर जास्त वेळ गेला. ग्राफमधला प्रत्येक चौकोन दिसला पाहिजे, त्यावरच तर नक्षी कळते, पण मोबाईलने काढलेला एकेक फोटो ४-५ एमबीचा, असे दहा एका पानावर टाकले तर साध्या फोनवर पान उघडतच नाही. म्हणून पानावर १२०० पिक्सेल रुंदीचा, शे-दोनशे केबीचा लावला आणि ज्याला बारकाईने बघायचंय त्याने टॅप केलं की मोठा उघडतो.

अजून दोन गोष्टी सगळ्यांनीच करा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे लिहा, त्याने काही फॉन्ट मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनला मजकूर कुठल्या भाषेत वाचून दाखवायचा ते कळतं. दुसरं, पानांचे जुने पत्ते मोडू नका. कुणीतरी तुमच्या लेखाची लिंक नातेवाइकाला पाठवलेली असते, नवीन लूकच्या नादात ती बंद पडली तर तो माणूस परत शोधत बसत नाही हो, जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर आपोआप नेणारा रिडायरेक्ट लावून ठेवा की.

संपादक साहेब, मराठी अक्षरं कागदावर कशी बसवायची, हेडिंग कुठं तोडायचं, दोन ओळींत किती जागा सोडायची, हे तुमच्याकडं पानं लावणाऱ्यांना रोजच्या सवयीनं माहिती असतं. त्यांच्याकडून रविवारच्या पुरवणीत यावर चार-पाच लेख लिहून घ्या ना, सोबत चुकीचं आणि बरोबर असे नमुने छापून. इथल्या कॉलेजात वेब डिझाईन शिकणाऱ्या पोरांना मराठीत असं काही वाचायला मिळालं तर ते पुढं मराठी साईटी चांगल्या करतील.

आपला,
एक वाचक, सोलापूर