रानातल्या नाटकात आधी चालणं बसव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

इंग्लंडमधल्या टिंबर महोत्सवासाठी केलेल्या तुझ्या पोरांच्या नाटकाची संहिता आणि नकाशा दोन्ही पाहिले. संहिता बांधीव आहे. नकाशात प्रवेशाचे पाच मुक्काम आहेत, पण दोन मुक्कामांमधल्या चालण्याला किती मिनिटं लागतील ते कुठेच लिहिलेलं नाही. चालतं नाटक, म्हणजे प्रेक्षकच मुक्कामामागून मुक्काम चालत बघतात ते, फसतं ते तिथेच.

मोठा माणूस मिनिटाला 60-70 मीटर सहज चालतो. चार वर्षांची पोरं घेतलेला घोळका 20-25 मीटरच्या पुढे जात नाही. मध्येच गोगलगाय दिसते, बुटाची नाडी सुटते. तेव्हा शंभर मीटरला पाच मिनिटं धर, बसायला-उठायला एक, आणि प्रवेश सहा मिनिटांचा. झाली एका मुक्कामाची बारा. पाचवा मुक्काम सरळ काढून टाक. चार मुक्कामांत पाऊण तास भरतो, त्यापुढे पोरांना भूक लागते.

घोळका 24 जणांचा ठेव आणि दर 10 मिनिटांनी एक सोड. मुक्कामाची जागा सात मिनिटं अडते, उरलेली तीन पाणी प्यायला आणि सामान जागेवर लावायला. नट रंगात आले की ही तीन मिनिटं खातात. मग मागचे येऊन धडकतात आणि राक्षस मुखवटा काढून घाम पुसताना त्यांना दिसतो. तीन तासांत एकेका नटाला तोच प्रवेश अठरा वेळा करायचा आहे, म्हणून दोन पाळ्या लाव, नाहीतर दुसऱ्या दिवशी घसा बसलाच.

घोळक्याच्या पुढे एक वाटाड्या, शेपटाला एक. शेपटाचा माणूस प्रत्येक मुक्कामावर डोकी मोजेल. वाटाड्या मात्र दशावतारी नटासारखा हवा, न लिहिलेलं बोलत चार मिनिटं पोरांना धरून ठेवणारा. पाठांतरावर चालणारा नट तिथे उपयोगाचा नाही.

आवाजाचं गणित रंगमंदिराचं नाही. तिथे भिंती नाहीत, मऊ माती आणि पानं आवाज पितात, त्यातही व्यंजनं आधी जातात. प्रेक्षक पाच मीटरच्या आत अर्धवर्तुळात बसव. नटाच्या पाठीमागे मातीचा उंचवटा असेल तर उत्तम, आणि वारा नटाकडून प्रेक्षकांकडे वाहणारा. पाठमोरं वाक्य एकही ठेवू नकोस. जवळच्या संगीतमंचाचं वेळापत्रक आधी मागून घे. ढोलाचा ठोका झाडांनी अडत नाही.

प्रकाशयोजनेवरची दोन पानं फाडलीस तरी चालेल. जुलैच्या सुरुवातीला तिकडे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, तोवर तुझे प्रेक्षक तंबूत झोपलेले असतील. त्याऐवजी ऊन कुठून येतं ते बघ. ते पोरांच्या डोळ्यांवर नको.

महोत्सव ज्यात भरतो त्या नॅशनल फॉरेस्टमधलं बरंचसं रान 1990च्या दशकापासून जुन्या कोळसाखाणींच्या मुलखात लावलेलं आहे. खोडं तरणी आणि बारीक, त्यांच्याआड मोठा माणूस लपत नाही. तशीही एकदम उडी मारून येणारी पात्रं नकोतच. आपल्याकडे दशावतारातला संकासुर पोरांमागे धावतो, पण पोरं त्याला ओळखत असतात. इथला राक्षस आधी पंधरा मीटरवर, पाठमोरा, काहीतरी कुटत बसलेला दिसू दे. ज्याला भीती वाटेल ते पोर आईला बिलगायला तेवढा वेळ मिळतो.

पोरांना काम दे, पण एकालाच नको. बारा असतील तर बारांनाही. काठ्या गोळा करायला सांगशील तर दोन मिनिटांत तलवारबाजी सुरू होईल. ‘औषधाला पानं आणा’ हा प्रवेश तर बदलच. फॉक्सग्लोव्ह नावाचं रानझाड तेव्हा फुलावर असतं आणि ते विषारी आहे. तुझ्याच मोजलेल्या लाकडी चकत्या लपवून ठेव, शोधायला लाव, परत मोजून घे.

वाट चार फूट रुंद हवी, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल इतकी. दोन्ही कडांचं नेटल नावाचं आग्या झुडूप छाटून घे. ते अंगाला लागलं की खाजकुयलीसारखी आग होते, आणि हाफपँटीतली पोरं पहिल्याच वळणाला रडू लागतात. दिवसाला चारशेवर माणसं त्याच वाटेने जाणार, तेव्हा मुक्कामांवर लाकडाचा भुसा नव्हे, जाड छिलका अंथर, चांगला तीन इंच. भुशाचा पावसात लगदा होतो.

झाडाला खिळा नाही. रुंद पट्टा आणि खाली गोणपाट. आठवडाभर आधी घरटी बघून ये, सापडलं तर मुक्काम हलव. वारा किती वाढला की रान रिकामं करायचं, तो आकडा आयोजकांकडून लेखी घे, आणि तोच खेळ मोकळ्या मैदानात बसून कसा होईल याची एक तालीम आत्ताच कर.

पुढच्या रविवारी कुणाचीतरी चार-पाच पोरं गोळा कर आणि संवादांशिवाय नुसती वाट चालून बघ. मिनिटं लिहून पाठव.

तुझी,
आई