ट्रिगर माशाच्या टँकमध्ये गोगलगायी सोडण्यापूर्वी

संपादक महोदय,

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घेणाऱ्याला शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि खेकड्यांचा ठरावीक संच विकायची पद्धत पडली आहे. टँकमध्ये कोणते मासे आहेत, हे बहुतेकदा विचारलेही जात नाही. मग वाळूवर रिकामे शंख उरतात, शेवाळ तसेच राहते आणि जिवंत प्राणी हकनाक मरतात. म्हणून हे पत्र.

मारकुटा मासा आणि कवच फोडणारा मासा यांत फरक आहे. डॅमसेल किंवा मरून क्लाऊनफिश इतर माशांना पळवून लावतात, पण जाड शंखाच्या गोगलगायीच्या वाटेला सहसा जात नाहीत. लायनफिश तोंडात मावेल ती कोळंबी गिळतो, गोगलगायीकडे ढुंकूनही पाहत नाही. ट्रिगर, हार्लेक्विन टस्क आणि पफर, म्हणजे आपला केंड, या माशांचे मात्र गोगलगायी आणि खेकडे हे अन्नच. केंडाची चोच आयुष्यभर वाढते. ती झिजवायला त्याला शिंपांसकट तिसऱ्या द्याव्यात. तरी पोट भरलेला केंड गोगलगाय सोडून देईल, असे धरून चालू नये.

ट्रिगर शंख उलटा पाडतो आणि झाकणाच्या बाजूने मांस ओढून काढतो. ॲस्ट्रिया गोगलगाय वाळूवर उताणी पडली की बहुधा स्वतःहून सुलटी होत नाही, तेव्हा ती घेऊच नये. ट्रोकस सुलटी होते. सेरिथ दिवसा वाळूत दडते आणि रात्री, ट्रिगर खडकाच्या फटीत झोपल्यावर, काचेवर चरते. त्यामुळे तिचा निभाव जास्त लागतो. केसाळ हिरव्या शेवाळाला मोठा टर्बो (हीही गोगलगायच) उत्तम, पण मेक्सिकन टर्बो थंड पाण्यातला आहे. उन्हाळ्यात पाणी थंड करणाऱ्या चिलरशिवाय टँक ३० अंशांवर गेला की तो मरतो आणि सडून अमोनिया वाढवतो. रिकाम्या शंखात राहणारे हर्मिट खेकडे टाळावेत. ट्रिगर त्यांना फोडतो आणि तेही शंखासाठी गोगलगायी मारतात.

सर्वांत भरवशाचा डायडेमा, म्हणजे लांब काट्यांचा सी अर्चिन, हा शेवाळ खाणारा गोल काटेरी समुद्री प्राणी. नायजर किंवा ब्लूथ्रोटसारखे प्लवक खाणारे ट्रिगर असतील तर ३०० लिटरला एक पुरे. सैल दगड तो सहज ढकलतो, म्हणून ते आधी एपॉक्सीने पक्के करावेत. काट्यांसाठी कॅल्शियम ४०० पीपीएमच्या वर आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक) ठेवावी. शेवाळ संपल्यावर दगडाला रबर लावून नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ) द्यावी, नाहीतर तो उपाशी मरतो. अन्ड्युलेटेड, क्लाऊन किंवा टायटन ट्रिगर असेल तर हाही उपयोगाचा नाही. ते अर्चिनला उलथून खालच्या आखूड काट्यांच्या बाजूने फोडतात. अशा टँकमध्ये काहीच सोडू नये. सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) दिव्याखाली किटोमॉर्फा हे शेवाळ वाढवावे, ते नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेते. या माशांना खाणे भरपूर लागते, त्यातून ही द्रव्ये पाण्यात वाढतात आणि शेवाळाचे मूळ तिथेच असते. लाल चिकट थर तर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे जिवाणूंचा. त्यासाठी गोगलगायी घेण्यात अर्थ नाही.

नवा प्राणी थेंबाथेंबाने तासभर पाणी मिसळून घ्यावा (खारटपणा, म्हणजे पाण्याची सापेक्ष घनता, १.०२५) आणि दिवे बंद झाल्यावर, पाय खडकाला टेकेल असा हाताने ठेवावा. माशांना व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) झाला तर तांब्याचे औषध वेगळ्या टाकीतच द्यावे. मुख्य टँकमध्ये टाकले तर गोगलगायी आणि अर्चिन हमखास मरतात.

आणखी एक. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या जातींना आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. नुसते ‘ट्रोकस’ किंवा ‘टर्बो’ म्हणून मिळणारा प्राणी नेमका कोणत्या जातीचा आणि कुठून आलेला, हे विक्रेत्यांनी बिलावर लिहून द्यावे आणि ग्राहकांनी ते मागून घ्यावे.

— एक मत्स्यालयप्रेमी वाचक, ठाणे