दिवाळीचं तळण मुलं आल्यावरच करा

महोदय,

दिवाळीला मुलं घरी येणार म्हटलं की बहुतेक घरांत वसुबारसेच्या आतच फराळाचे सगळे डबे भरलेले असतात. मुलं लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री पोचतात, तोवर आई दमलेली असते, चकली मऊ पडलेली असते आणि त्यांना करण्याजोगं घरात काही उरलेलं नसतं. मग तिशीतली मुलं पाहुण्यांसारखी मोबाइल घेऊन बसतात आणि बोल त्यांनाच लागतो. तयारी आधी उरकावी, तळण मात्र त्यांच्यासाठी राखून ठेवावं, असं मला आग्रहाने सांगायचं आहे.

चकलीची भाजणी खुशाल पंधरा दिवस आधी करावी. चार वाट्या तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धणे, दोन चमचे जिरे. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजायचा. एकत्र भाजलं तर डाळ करपते आणि तांदूळ कच्चे राहतात. मुलं आली की दोन वाट्या भाजणीला जवळपास तेवढंच उकळतं पाणी आणि दोन मोठे चमचे तेल घालून उकड अर्धा तास झाकून ठेवावी, मग पाण्याच्या हाताने मळावी. सोऱ्या दाबायला मनगटात जोर लागतो, हे काम हक्काने तरुणांचं. चकलीचे तुकडे पडले तर पीठ कोरडं आहे, तेलात विरघळली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त झालं. दुसऱ्या दिवशी मऊ पडते ती बहुधा आच मोठी ठेवल्याने: वरून लाल, आतून कच्ची. तेलातले बुडबुडे शमले की मगच काढावी.

अनारशांना मात्र आधीच हात घालावा लागतो. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, कपड्यावर निथळून, ओलसर असतानाच दळायचे. वजनाला वजन किसलेला गूळ घालून गोळा चार-पाच दिवस मुरवायचा. तुपात अनारसा हसायला, म्हणजे विरघळून पसरायला लागला तर गूळ जास्त झालाय; थोडी तांदळाची पिठी मळून गोळा पुन्हा एक रात्र ठेवावा. खसखशीची बाजू वर ठेवून सोडावा, उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवत राहावं. मुलांना हे शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

येण्याजाण्याचं पण वेळेत ठरवा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. भाऊबीजेनंतरच्या रविवारची परतीची गाडी सर्वांत आधी भरते, म्हणून त्या तिकिटाचा दिवस आधी कॅलेंडरवर लिहावा. बँकेची, वारसनोंदीची कामं या चार दिवसांत काढू नयेत: लक्ष्मीपूजन, पाडव्याला बँका बंद, आणि मुलांचा उरलेला वेळ कागद शोधण्यात जातो. त्यांच्या वतीने नातेवाइकांना जेवणाचे शब्दही देऊ नयेत, आधी विचारावं.

परत जाताना ओल्या नारळाची करंजी डब्यात देऊ नका, दोन दिवसांत आंबते. सुक्या खोबऱ्याची द्या. चिवडा पूर्ण निवल्यावरच भरावा, नाहीतर वाफ धरून पोहे मऊ होतात. पिठीसाखरही निवल्यावरच घालावी. ऑस्ट्रेलियात जाणाऱ्यांना खाण्याचे पदार्थ विमानात मिळणाऱ्या प्रवेशपत्रावर नोंदवावे लागतात, न नोंदवल्यास दंड होतो. म्हणून डब्यांवर पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवावं आणि दूध, खवा घातलेलं काही देऊ नये.

— एक वाचक, सांगली