दहाव्याचा कावळा

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांनी लिहितो आहे, ते आई गेल्याचे कळवण्यासाठी नव्हे. ते आक्काने कळवलेच असेल. मी बरा आहे. दहाव्याला घाटावर जे घडले ते तुझ्यावाचून कोणाला सांगू?

तात्या गेले तेव्हा तू सगळे विधी केलेस आणि मी तुला चार पानी पत्र लिहून झोडपले. स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी निघाली तरी ज्यांनी लेखणी खाली ठेवली नाही, त्या आगरकरांचे नाव यापुढे घेऊ नकोस, असेही बजावले. तू उलट टपाली त्यांचेच वाक्य धाडलेस: इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार. त्याला मी पळवाट म्हटले.

आता माझी हकीकत ऐक. बोटात दर्भाचे पवित्रक, तळहाताला चिकटलेले काळे तीळ, समोर पिंड, आणि पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. गुरुजींना पुढचे काम होते, आक्का रडू लागली. अखेर मी हात जोडून चांगले मोठ्याने म्हणालो, “आई, आक्काला अंतर देणार नाही.” आणि कावळा शिवला! हस, खुशाल हस. त्याला भूक लागली होती हे मलाही कळते. पण त्या क्षणी मला जे हायसे वाटले, ते कशाने, हे कळत नाही.

त्या रात्री आगरकरांचा ‘देवतोत्पत्ती’ हा निबंध पुन्हा वाचला. मिल आणि स्पेन्सर पचवलेला तो माणूस देवदेवतांच्या कल्पनांचा उगम माणसाच्या मनात शोधतो, आणि इथे माझ्याच मनात तो चालू होता. तुझ्या त्या वाक्याचा अर्थही तेव्हा उमगला. करण्याला आगरकरांनी साध्यतेची मर्यादा घातली, बोलण्याला नाही. तू नुसते केलेस, मी बोललो.

डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढलेले टिळक-आगरकर पुढे दुरावले, 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, दुसऱ्या वर्षी ‘सुधारक’ काढला, आणि 1895 मध्ये, एकोणचाळिशी पुरी होण्याआधीच, दम्याने गेले. मृत्युलेख टिळकांनी ‘केसरी’त लिहिला. आपल्यात टिळक कोण, हा वाद अजून मिटलेला नाही, तरी तितकी वाट पाहण्याचे कारण नाही.

धाकटीचा निकाल लागला का? वहिनींचा गुडघा कसा आहे?

आणि माझे ते चार पानी पत्र फाडले नसशील तर परत धाड. मला ते एकदा वाचायचे आहे.

तुझाच,
नाना